शंका आली तर सांगलीनं थांबायचं

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाचण्या, संपलेले सेल, बिनटोपणाची पेनं जशी आपोआप साठतात, तसे ते साठतात. ड्रॉवर अडकला की कळतं, अरे, लय झालं की हे!

माझा ड्रॉवर परवा अडकला. मुलीनं विचारलं, "बाबा, घरातलं वायफाय गेलं की फोन आपोआप दुसऱ्या नेटवर्कवर जातो, त्याला कसं कळतं हो?" मी सांगायला लागलो आणि भलतीकडंच गेलो. ती बिचारी केव्हाच उठून गेली. म्हणून आता तुम्हाला धरलंय. बसा.

नव्वदीच्या शेवटीशेवटी मी साताऱ्याच्या एका दूध संघात कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. संघाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणणार, "आमचे मेव्हणे होते की तिथं!" संघाची ऑफिसं दोन, एक साताऱ्यात, एक सांगलीत. गावोगावची केंद्रं फोन करायची, इतकं दूध झालंय, टँकर पाठवा. कुठला टँकर कुठं जाणार, हे ठरवायचं साताऱ्यानं. सांगली राखीव. साताऱ्याचा फोन गेला, वीज गेली, काहीही झालं, की सांगलीनं सगळा कारभार हातात घ्यायचा. दूध कुणासाठी थांबतंय का? तासभर उशीर झाला की नासलंच.

साताऱ्याच्या खुर्चीवर आबा जगदाळे. सांगलीच्या खुर्चीवर बापू कांबळे. मधे एक थेट लाइन. सकाळी साडेआठला सांगलीहून पहिला फोन यायचा.

"सांगली हाय."

"सातारा हाय."

खट्. मग दर अर्ध्या तासानं पुन्हा तेच. उत्तर आलं नाही तर पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा हाक. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही, तर सातारा गेलं असं धरायचं. वीस वर्षं हे असंच चाललेलं.

आणि वीस वर्षांत या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

*

पहिली फजिती माझीच. कामावरचा पहिला दिवस. आबा बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते. फोन वाजला. मी मोठ्या तत्परतेनं उचलला आणि म्हणालो, "हॅलो, गुड मॉर्निंग! कोण बोलतंय?"

पलीकडं शांतता. मग खट्.

पाच मिनिटांनी परत वाजला. मी परत, "हॅलो, कोण?" परत खट्. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, रॉंग नंबर असेल, असतात असले आगाऊ लोक.

आबा आत आले तोवर दुसरा फोन वाजायला लागला. कोरेगावकडच्या केंद्राचा. "आवं आबा, सातारा बंद पडलं म्हणं? सांगलीवरनं निरोप आलाय, आता समदं तिकडं विचारायचं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी झाला प्रकार सांगितला. त्यांनी सांगलीला फोन लावला. बापूंचा आवाज असा घुमणारा, की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी खोलीभर ऐकू यायचा.

"आबा, मी काय करणार? तीनदा हाक मारली, तीनदा कोणतरी इंग्रजी बोललं. म्हटलं, साताऱ्यात परकी सत्ता आली!"

आबा मला म्हणाले, "गड्या, आपल्यात हॅलो न्हाई. आपल्यात 'सातारा हाय'. पाठ कर."

मी पाठ केलं. अजून आहे.

*

आबांची खुर्ची हा एक वेगळाच विषय. लोखंडी, फिरती, बूड झिजलेली. बसलं की कुईईक करून ओरडायची. फोन वाजला की आबा धावत यायचे, रिसीव्हर उचलायचे आणि मगच बसायचे. त्यामुळं 'सातारा हाय'च्या आधी सांगलीला कुईईक ऐकू जायचं.

"तेल घाला की आबा त्या खुर्चीत! साताऱ्यात तेल मिळत न्हाई व्हय?"

"घालतो उद्या."

हा उद्या वीस वर्षं चालला होता. रोज नाही, पण आठवड्यातनं दोनदा तरी हे व्हायचंच. एकदा तर कमाल झाली. आबा बसले, खुर्ची वाजली, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत बापू म्हणाले, "कंबर धरलीय का आबा आज? लय सावकाश वाजली."

खरंच धरली होती. मला शेजारी बसून कळलं नव्हतं, आणि सव्वाशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला कळलं! मला त्या दिवशी थोडा रागच आला, स्वतःचा.

*

आता तुम्ही म्हणाल, सव्वाशे किलोमीटर म्हणजे काय लंडन आहे का? एसटीत बसायचं आणि जायचं. मीही हेच म्हणालो होतो, आणि चांगली बोलणी खाल्ली होती.

नियम असा होता, की एक रजेवर असेल तर दुसऱ्यानं खुर्ची सोडायची नाही. सगळी केंद्रं मग त्या एकाच्या अंगावर. दसऱ्याला बापू नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, म्हणून आबा दर दसऱ्याला कामावर. आबांच्या गावची जत्रा असली की बापू सांगलीत दोन माणसांचं काम ओढायचे. आबांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, बापू नाहीत. बापूंच्या घराची वास्तुशांत... नाही, त्यांनी वास्तुशांत नाही केली, बुद्धवंदना घेतली आणि जेवण घातलं, तिथं आबा नाहीत. संघाच्या वार्षिक सभेला सगळा स्टाफ यायचा. एका वर्षी आबा, एका वर्षी बापू. ऑफिसात सभांचे फोटो लावलेले होते, ओळीनं. सगळ्यात दोघांपैकी एकच.

"अहो पण तुमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते ना? गुरुवारी जा की सांगलीला!" मी म्हणालो.

आबा भडकलेच. "गुरुवारी तो माजं नि त्याचं दोन्ही ओढतोय! त्याला मान वर कराया सवड न्हाई. मी काय त्याचं टक्कल बगून माघारी येऊ?"

"टक्कल आहे त्यांना?"

"मला काय ठावं! आवाजावरनं वाटतंय." मग जरा शांत झाले. "आनि त्याची अट हाय. हापिसात चहा पिऊन जायचं न्हाई. घरी जेवाया यायचं, निवांत. बायकोला सांगून ठेवलंय म्हनतो, कवापास्नं. मी बी म्हनलं, तुमी पयलं माज्याकडं या. मंग राहिलंच."

हे बोलताना ते डोळ्यांत थेंब घालत होते. काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, कडेनं दिसायचं कमी होत जाणार, गेलेलं परत येणार नाही. फोनचे आकडे बघायला आबा आख्खी मान वळवायचे.

"माजं दुसरं काय बी मागनं न्हाई रं," ते म्हणाले. "दिसतंय तवर एकदा बापूचं तोंड बगायचं हाय. समोर बसून. एका ताटावर म्हन."

मी थेंबांच्या बाटलीचं टोपण लावून दिलं.

*

आणि त्याच महिन्यात दोन्ही ऑफिसं जोडणारे कॉम्प्युटर आले. एक सर्व्हर साताऱ्यात, एक सांगलीत. टँकरची सगळी यादी त्यात. पुण्याचा इंजिनियर आला, टाय लावून. खडूनं फळ्यावर दोन चौकोन काढले.

"सांगलीचा सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला साताऱ्याला विचारणार, आहेस का? सातारा म्हणणार, आहे. तीनदा उत्तर आलं नाही, की सातारा डेड. सांगली आपोआप सगळं टेकओव्हर करणार. माणसाची गरज नाही!"

आबा म्हणाले, "हे तर आमी वीस वर्सं करतुया."

इंजिनियर हसला. आबा पुढं म्हणाले, "डेड म्हंजी मेला न्हवं? दीड मिनटात?"

"हो."

"आमचा चुलता हाकेला चवथ्यांदा ओ द्यायचा. त्याला काय तिसऱ्यालाच उचलून न्यायचा हुता?"

इंजिनियर मला म्हणाला, यांना समजावा. मी म्हणालो, तुम्ही समजून घ्या! बरीच घासाघीस होऊन तीनाचे दहा झाले. त्या बाबाला शेवटपर्यंत पटलं नाही, पण टाय सैल करून त्यानं आकडा बदलला.

चहाच्या वेळी आबा माझ्या खुर्चीजवळ आले. हळू आवाजात विचारलं, "सुधीर, हे जर नीट चाललं, तर मी नि बापू एकाच दिशी रजा घेऊ शकू?"

मी म्हणालो, "आबा, त्यासाठीच तर आहे ते."

ते त्यासाठी नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी ते त्यासाठीच होतं.

*

आबांना स्क्रीनवरचं बारीक दिसायचं नाही. म्हणून मी प्रोग्राममध्ये एक सोय केली, सांगलीची हाक आली की कॉम्प्युटर 'टुक्' करणार. दर अर्ध्या मिनिटाला. टुक्. टुक्. टुक्.

दोन दिवसांत ऑफिस वेडं व्हायची पाळी आली. हिशेबनीस कानात कापूस घालून बसले. टायपिस्ट बाई म्हणाल्या, आता एक तर मी राहीन नाही तर हे टुक्. शेवटी साहेब स्वतः आले. "बंद करा ते!"

आबा डोळे मिटून ऐकत बसले होते. म्हणाले, "राहू द्या की साहेब. बापू बोलतुया."

साहेबांनी पुन्हा सांगितलं नाही. आवाज कमी करा, एवढं म्हणून गेले.

*

आता माझा मोठा पराक्रम ऐका. यावर माझी नोकरीच जायची.

चाचणीचे पंधरा दिवस ठरले होते. पंधरा दिवस एकही चूक झाली नाही, तर दोघांना एकत्र रजा द्यायची, साहेबांनी कबूल केलेलं. साताऱ्याच्या बाजूनंही मी उलटी तपासणी लावली होती, सांगली आहे का? उत्तर यायचं, आहे. चौदा दिवस एकदम चोख! आबांनी इस्त्रीला कपडे टाकले.

पंधराव्या दिवशी बोलता बोलता बापू म्हणाले, "आमच्या इथला कॉम्प्युटर मी सोमवारपास्नं बंद करून ठेवलाय. वर पोतं टाकलंय. छपराचं काम चाललंय, धूळ लय!"

सोमवारपासून बंद? आणि माझा स्क्रीन तर म्हणतोय, सांगली आहे, सांगली आहे!

दोन तास डोकं फोडल्यावर सापडलं. माझी उलटी तपासणी सांगलीपर्यंत जातच नव्हती. मी सांगलीच्या पत्त्याचा आकडा चुकीचा घातला होता. आमच्याच कपाटात ठेवलेल्या मोडेमला विचारत होतो, आणि तो बिचारा इमानानं सांगत होता, आहे, आहे.

आणि बापूंकडून येणारी हाक? ती सोमवारीच थांबली होती. टुक् पण थांबलं होतं. पण सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की कुणी विचारलंच नाही! आबांना वाटलं, साहेबांनी बंद करायला लावलं.

चाचणी रद्द. पुन्हा पहिल्यापासून पंधरा दिवस. आबांना सांगताना मला मान वर करता येईना.

ते एवढंच म्हणाले, "म्हंजी चार दीस तू घरातच विचारत हुतास व्हय रं, सांगली हाय का म्हनून?"

इस्त्रीचे कपडे त्यांनी परत ट्रंकेत ठेवले, असं नंतर वहिनींकडून कळलं.

*

दुसऱ्या खेपेला कऱ्हाडच्या पलीकडं, मलकापुराजवळ, रस्त्याच्या कामात कुणीतरी केबल तोडली. फोन आणि कॉम्प्युटर एकाच केबलमधनं जायचे, दोन्ही गेले. साताऱ्याचा सर्व्हर मजेत चालू होता. सांगलीच्या सर्व्हरनं दहा हाका मारल्या, उत्तर नाही. त्यानं धरलं, सातारा गेलं. झाला मालक!

आता दोन मालक. दोघंही टँकर सोडतायत. काही तासांनी इस्लामपूरकडच्या एका केंद्रावरचे सेक्रेटरी कऱ्हाडला येऊन तिथून ओरडत फोनवर, "आवं, आमच्या दारात दोन टँकर उभं हायती! म्हशी तेवढ्याच हायती!" आणि तिकडं खंडाळ्याकडच्या केंद्रावर एकही टँकर नाही. तिथलं सगळं दूध नासलं. तिथल्या लोकांनी त्याचं काय केलं ते विचारू नका, पण तीन दिवस त्या गावात पनीर हा शब्द ज्याला त्याला पाठ झाला होता.

साहेबांनी मला उभं-आडवं घेतलं. मी इंजिनियरला घेतलं. त्यानं फळ्यावर परत दोन चौकोन काढले आणि खडू हातात धरून नुसताच उभा राहिला.

तोड आबांनी काढली. "तिसऱ्याला विचारायचं. कऱ्हाडच्या केंद्राला. सांगलीला सातारा दिसंना, तर तिनं कऱ्हाडला विचारावं, तुला तरी दिसतंय का? कऱ्हाड म्हनलं, न्हाई, मंग घ्यावा कारभार. पर कऱ्हाडच दिसंना, तर खोट आपल्याच वायरीत हाय. मंग सांगलीनं गप जागेवर थांबायचं. हलायचं न्हाई."

इंजिनियरनं खडू खाली ठेवला. हेच करतात म्हणाला, मोठ्या मोठ्या ठिकाणी.

लाइन जोडल्यावर आबांनी बापूंना नियम सांगितला. शंका आली तर सांगलीनं थांबायचं. वाईट वाटलं का, असंही विचारलं.

"वाईट काय त्यात? चालंल की," पलीकडून बापू म्हणाले. "थांबायची सवय हाय आमाला."



*

आणि मग ते पंधरा दिवस एकदाचे पार पडले. एकही चूक नाही! मी रोज देवाला नाही, मोडेमला हात जोडत होतो. साहेबांनी शब्द पाळला. गुरुवारी दोघांना एकत्र रजा. खुर्च्या रिकाम्या, सगळं मशीनवर.

बुधवारी दुपारी तीनला आबांनी फोन लावला. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"बापू, उद्या मी येतुया. तुमी हापिसातच थांबा, मला तुमचं घर ठावं न्हाई."

"छ्या! तुमी वयानं मोठं. मीच येतो. तुमी हापिसातच थांबा."

"आवं, माज्या डोळ्याचं काय खरं न्हाई, मला आधी येऊ द्या."

"म्हनूनच तुमी हिंडायचं न्हाई! मी येतो."

"मी येतो म्हनलं न्हवं?"

"आबा, ऐका माजं..."

आणि लाइन गेली. रस्त्याचं काम तेच, केबल तीच. त्यांनी ती परत तोडली होती!

आबांनी चार-पाचदा हॅलो न म्हणता 'सातारा हाय, सातारा हाय' केलं. मग रिसीव्हर ठेवला. म्हणाले, "ठरलं. मीच जातो."

सांगलीच्या मशीननं दहा हाका मारल्या, कऱ्हाडला विचारलं, कऱ्हाडही दिसेना, म्हणून ते शहाण्यासारखं जागेवर गप्प बसलं. संध्याकाळी आबा घरी गेल्यावर लाइन जोडली गेली. मशीनचा एकही टँकर चुकला नाही.

गुरुवारी सकाळी दहाचा सुमार. मी एकटाच टुक् टुक् ऐकत बसलेलो. दारात एक उंच, बारीक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. डोक्यावर दाट, पांढरेशुभ्र केस. मी म्हणालो, कोण पाहिजे?

त्यानं तोंड उघडलं आणि तो घुमणारा आवाज खोलीभर झाला.

"सांगली हाय."

मी फोन उचलला आणि सांगली लावली. पहिल्याच घंटेला उचलला गेला. पलीकडून आबा म्हणाले, "सांगली... आरं, काय म्हनू मी? सुधीर, बापू कुटं हायती? इथं खुर्ची मोकळी हाय!"

मी रिसीव्हर बापूंच्या हातात दिला आणि शेजारी कान लावून उभा राहिलो.

दोघं आधी पोट धरून हसले. मग भांडले. तुमी थांबा, मी येतो. न्हाई, तुमी थांबा. मी मधे ओरडत होतो, अहो, कऱ्हाडला भेटा! दोघंही निघा, दोन तासांत भेटाल! मशीन चालवतंय सगळं!

"थांबा, थांबा," बापू म्हणाले. "नियम काय हाय आबा? शंका आली तर सांगलीनं हलायचं न्हाई."

"मंग तुमी हलू नगा."

"मी कुटं सांगलीत हाय? सांगलीत तुमी हाय!"

"पर सांगली तर तुमी!"

मग आबांचा आवाज आला, "बापू, तुमची खुर्ची मोकळी टाकून मला न्हाई उठवत बगा."

"मला बी न्हाई," बापू म्हणाले, आणि आबांच्या खुर्चीवर बसले.

कुईईक!

बापू ताडकन उठले. "हीच! हीच ती!" पुन्हा बसले, पुन्हा उठले. चार वेळा वाजवून घेतली.

दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या खुर्चीवर बसून राहिले. दर अर्ध्या तासाला फोन. बायकोनं आबांसाठी दिलेलं जेवण बापूंनी माझ्यापुढं ठेवलं. "खावा तुमी. आबांच्या वाटचं हाय." दुपारी ते बाहेर गेले, टँकरच्या ड्रायव्हरकडून तेलाची बुधली मागून आणली, गुडघ्यावर बसले आणि खुर्चीच्या सांध्यासांध्यात तेल सोडलं. बसून पाहिलं. चकार आवाज नाही. समाधानानं हात पुसले. "वीस वर्सं झाली सांगतोय," मला म्हणाले.

साडेपाचला ते एसटीला गेले. तिकडून आबाही निघाले. दोन्ही गाड्या कुठंतरी पेठ नाक्याच्या पुढंमागं एकमेकींना ओलांडून गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी आबा लवकर आले. पिशवी ठेवायच्या आधी मला विचारलं, "कसा हाय रं दिसायला?"

काय सांगणार? उंच आहेत म्हणालो. केस आहेत.

"केस हायती?" आबा हसले. मग म्हणाले, "त्याच्या टेबलावरची वही बगितली मी. अक्षर लय बारीक. मला काय वाचता आलं न्हाई."

साडेआठला फोन वाजला. आबांनी उचलला आणि बसले.

पलीकडून काहीच आवाज नाही. आबा म्हणाले, "सातारा हाय. बापू?"

"आबा, उभं हाय का तुमी?"

"बसलोय की."

"बसला?"

"व्हय. तुमीच तेल घातलंय न्हवं?"

लाइनवर नुसती खरखर. मला वाटलं, केबल पुन्हा तुटली. मग बापूंचा आवाज आला, इतका हळू की आबांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबला, आणि तरी मला ऐकू आला.

"आबा... गंज चढाया किती दीस लागतील?"